हाडांवरून रोगनिदान

भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे प्रमाण राज्याच्या मानाने अधिक आढळत आले आहे. अंगावरचा फिकट, बधिर चट्टा शोधणारी पाहणी इथल्या शाळांना नवी नाही. पण ज्याची कातडीच उरलेली नाही, अशा माणसाला हा रोग होता का, हे कसे ओळखायचे?

हाड म्हणजे निर्जीव काठी नव्हे. जिवंतपणी ते सतत झिजते आणि पुन्हा भरते. रोग झाला की ते दोनच प्रकारे उत्तर देते: एक तर हाड नाहीसे होते, नाही तर नवे हाड तयार होते. जिवंतपणी झिजलेल्या हाडाची कडा गुळगुळीत, गोलसर होते. मातीत पडल्यावर तुटलेल्या हाडाची कडा मात्र धारदार राहते. अभ्यासकाला पहिला निवाडा इथेच करावा लागतो.

कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत, म्हणजे नाक, हात, पाय इथे अधिक वाढतो. डेन्मार्कमधील वैद्य मोलर-क्रिस्टेन्सेन यांनी १९४८ पासून नेस्टवेड येथील मध्ययुगीन कुष्ठालयाची दफनभूमी उकरली. तिथल्या कवट्यांत त्यांना ठरावीक खुणा दिसल्या. नाकाच्या तळाशी असलेला हाडाचा छोटा काटा झिजलेला, नाकपोकळीची कडा गोलसर झालेली आणि वरच्या पुढच्या दातांना धरून ठेवणारे हाड खचलेले!

याच खुणा आपल्याकडेही सापडल्या. राजस्थानात उदयपूरजवळच्या बालाथल येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उत्खनन केले. तिथे दगडी भिंतींच्या आवारात, शेणाच्या राखेच्या थरांत एका मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा मिळाला. तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा आहे. ग्वेन रॉबिन्स, वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आदींनी त्याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला.

निदान करताना त्यांनी इतर शक्यताही तपासल्या. क्षयाची खूण बहुधा मणक्यांत दिसते. उपदंश कवटीच्या वरच्या भागालाही खड्डे पाडतो. या कवटीतील झीज मात्र नाक आणि वरच्या जबड्याभोवती होती. म्हणून निष्कर्ष निघाला कुष्ठरोगाचा.

या पद्धतीला मर्यादाही आहे. पटकी काही तासांत माणूस नेते, हाडाला उत्तर द्यायला वेळच मिळत नाही. म्हणजे स्वच्छ हाड हा निरोगीपणाचा पुरावा नाही. उलट खूण उमटलेला माणूस आजार सोसत काही काळ तरी जगलेला असतो. बालाथलचा पुरुषही तसाच जगला. त्याला गावाने कसे वागवले, हे मात्र हाडे सांगत नाहीत.

पिढ्यान्‌पिढ्या हा रोग पापाचे फळ मानला गेला. १८७३ मध्ये हॅन्सन यांनी त्याचा जंतू दाखवला. आज बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो, आणि वेळेवर उपचार झाले तर विकृतीही टळते. वर्गात हा धडा शिकवताना बालाथलची कवटी आठवावी. तिच्यावर जंतूची खूण आहे, पापाची नाही.