शेवाळ आणि 'समजा'

शेवाळ म्हटलं की आपल्याला आठवतात विहिरीच्या निसरड्या पायऱ्या. पण याच शेवाळापासून डिझेल करता येईल का, या प्रश्नामागे अमेरिकेने 18 वर्षं घालवली. त्या हिशेबाची ही गोष्ट.

1973 साली तेलाचे भाव भडकले. पुढे 1978 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने सूक्ष्म शेवाळाच्या संशोधनाचा कार्यक्रम हाती घेतला. तळी, खाड्या, खारट डबकी धुंडाळून सुमारे 3,000 वाण जमवले. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल गावी 1,000 चौरस मीटरची उघडी तळी बांधली. एखाद्या चांगल्या दिवशी चौरस मीटरमागे 50 ग्रॅम शेवाळ मिळे, पण तिथल्या थंडीत हे उत्पन्न टिकेना. 1996 मध्ये कार्यक्रम बंद झाला. उत्पन्न भरघोस येईल असं धरूनही हे डिझेल नेहमीच्या डिझेलच्या दुप्पट महाग पडेल, असं 1998 च्या अहवालाने सांगितलं.

नव्या शतकात तेल पुन्हा महागलं आणि शेवाळाचा विषय परत निघाला. या वेळी हाताशी संगणक होता. संगणकावरचं मॉडेल म्हणजे न बांधलेला कारखाना. तळं, पंप, पाणी गाळणं, तेल काढणं, प्रत्येक टप्प्याचा खर्च त्यात मांडलेला असतो. एक आकडा बदला की शेवटची किंमत बदलते. तळ्यातल्या लिटरभर पाण्यात शेवाळ जेमतेम अर्धा ग्रॅम! म्हणजे किलोभर शेवाळासाठी दोन हजार लिटर पाणी उपसायचं. पैसा कुठे मुरतो, ते असं कळतं.

मग पुढचा विचार आला. आपले साखर कारखाने नुसत्या साखरेवर थांबत नाहीत. मळीपासून अल्कोहोल काढतात, बगॅसवर वीज करतात. तसंच शेवाळातल्या तेलाचं डिझेल, पिष्टाचं इथेनॉल आणि उरलेल्या चोथ्याचा बायोगॅस करायचा. यालाच बायोरिफायनरी म्हणतात.

वर्गात बीजगणित शिकवताना मी मुलांना सांगत असे, की उत्तर चुकलं तर आधी 'समजा'ची ओळ तपासा. मॉडेलचंही तसंच. वर्षभराची सरासरी चौरस मीटरमागे रोज 25 ग्रॅम समजा, असं धरून हिशेब मांडले जात. 2012 मध्ये तीन सरकारी प्रयोगशाळांनी आपापली मॉडेलं समोरासमोर ठेवली. एकीचं खर्चाचं, दुसरीचं प्रदूषणाचं, तिसरीचं जमीन, पाणी आणि हवामानाचं. सगळ्यांनी एकच 'समजा' धरायचं ठरवलं. हवामानाचा खरा हिशेब घातल्यावर ते 25 ग्रॅम सुमारे 13 वर आले! साहजिकच खर्चाचा अंदाज बराच चढला.

मला या गोष्टीतला हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. आपलाच आकडा खाली आणायला धैर्य लागतं.

2009 मध्ये एक्सॉनमोबिल कंपनीने शेवाळासाठी 60 कोटी डॉलरपर्यंत खर्चायची घोषणा केली होती. 2023 मध्ये तिने यातून अंग काढून घेतलं. शेवाळाचं डिझेल आजही पंपावर मिळत नाही. पण हजारो एकर तळी खणून, लोकांचे पैसे बुडवून हे कळण्यापेक्षा कागदावर कळलेलं केव्हाही स्वस्त. कोणी मोठी योजना घेऊन आलं, तर तिचं उत्तर नंतर वाचावं, 'समजा' आधी वाचावं.

असो. तुम्हाला काय वाटतं, ते जरूर कळवा.