मूढगर्भ धातु व सूक्ष्मजंतु

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, बाराव्या अध्यायांत, खाणींचा विचार आला आहे. तेथें अशुद्ध धातूंच्या जोडीस ‘मूढगर्भ’ असें एक विशेषण योजिलें असून, अशा धातूंस तीक्ष्ण मूत्र व क्षार यांची भावना द्यावी, म्हैस, गाढव इत्यादिकांचें मूत्र व लेंडें यांत बांधून त्यांचें शोधन करावें, असें सांगितलें आहे. आमचे एक स्नेही, स्वतः पोथ्यांचे साक्षेपी संग्राहक, यांनीं या स्थळावरून असा तर्क बांधला कीं, सूक्ष्मजंतूंकरवीं सोनें मोकळें करण्याची जी अर्वाचीन रीत आहे तिचें मूळ येथेंच आहे. शेणांत जंतु असतात हें कोणास ठाऊक नाहीं? तर्क मोहक खरा. पण तो टिकतो कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे.

प्रथम ती रीत. कित्येक खनिजांत सोन्याचे कण लोह व गंधक यांच्या माक्षिकांत, किंवा सोमलयुक्त माक्षिकांत, इतके सूक्ष्म होऊन कोंडलेले असतात कीं, खनिज बारीक दळलें तरी सायनाइडचें पाणी त्यांपर्यंत पोंचत नाहीं. मॅकआर्थर व फॉरेस्ट यांची सायनाइडची कृति १८८७ सालची. तिच्यापुढें हें खनिज हटून बसलें. तें भाजावें तर सोमलाचा व गंधकाचा विषारी धूर निघे. १९४७ सालीं कोल्मर व हिंकल यांनीं अमेरिकेंतील कोळशाच्या खाणींतून झिरपणाऱ्या अम्ल पाण्यांत लोहास गंजविणारा जंतु असल्याचें दाखविलें. पुढें दक्षिण आफ्रिकेंत बार्बर्टनजवळील फेअरव्ह्यू खाणीवर १९८६ सालीं अशा जंतूंचा कारखाना सुरू झाला. १९९४ सालीं घानांतील ओबुआसी येथें त्याहून पुष्कळ मोठा निघाला. दळलेलें माक्षिक मोठाल्या टांक्यांत, सुमारें ४० अंश उष्णतेंत, हवा फुंकीत कांहीं दिवस ठेवितात. लोह व गंधक यांवर जंतु उपजीविका करितात, आणि माक्षिकाचें कवच फुटतें. सोन्यास ते शिवतहि नाहींत. तें पुढें सायनाइडनेंच काढावें लागतें.

आतां ग्रंथाकडे वळूं. या जंतूंस तीव्र अम्ल पाणीच मानवतें. मूत्र व क्षार यांनीं तर अम्लता मरते. शिवाय वाक्याचा शेवट धातु शुद्ध होऊन ‘स्रवतात’ असा आहे, व ‘प्रतीवाप’ हा शब्दहि तेथें आहे. वितळलेल्या रसांत चूर्ण टाकणें हा त्याचा रसशास्त्रांतील रूढ अर्थ. अर्थात् ही मुशींतली कृति होय. भट्टींत जंतु कोठून वांचणार? स्नेह्यांनीं याच अध्यायाच्या आरंभींचे, गुहांतून पाझरणारे, हळद, हरताळ, हिंगूळ यांच्या रंगांचे रसहि पुढें केले. खाणींतील अम्ल पाण्याची आठवण ते करून देतात, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांतले कांहीं रस तांब्याचा व रुप्याचा वेध करितात, म्हणजे त्यांचें सोनें बनवितात, असें तेथेंच पुढें म्हटलें आहे. पूर्वार्ध घेऊन उत्तरार्ध गाळणें संशोधकास शोभत नाहीं.

तथापि त्या विशेषणाचें मोल आम्ही कमी मानीत नाहीं. ‘मूढगर्भ’ हा मूळचा वैद्यकाचा शब्द. अडलेल्या गर्भाविषयीं सुश्रुतानें त्याचा विस्तारानें विचार केला आहे. धातु खनिजाच्या पोटांत अडून राहतो, आणि नेहमींच्या उपायानें सुटत नाहीं, हें ज्यानें पाहिलें त्यानें तो शब्द नेमका उचलला. एवढें श्रेय ग्रंथकारास निःशंक द्यावें. जंतूंचें ज्ञान त्याच्या पदरीं बांधूं नये.

जंतूंनीं मात्र कोणाच्या ज्ञानाची वाट पाहिली नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गॅलेन या वैद्यानें सायप्रसच्या खाणींत ठिबकणारें हिरवें पाणी सांठवून त्यापासून मोरचूद करितात हें स्वतः पाहून लिहून ठेविलें. स्पेनांतील रिओ टिंटो नदी तर अशाच जंतूंमुळें तांबडी व अम्ल वाहते. तेथें अठराव्या शतकांत खाणीच्या पाण्यांतील तांबें लोखंडाच्या तुकड्यांवर बसवून घेत. पाण्यांत तें कोणी उतरविलें, हें त्या कामकऱ्यांस ठाऊक नव्हतें.