किराणा दुकानातला इतिहास

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेतून एक फेरी मारावी. दुकानाच्या गादीवर धुतलेली चादर असते, चौरंगावर नव्या चोपड्या मांडलेल्या असतात, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक नि ‘शुभ लाभ’ रेखलेले असते. तराजूलाही झेंडूचे एक फूल मिळते. आपण लाह्या-बत्ताशांचा प्रसाद घेऊन घरी परततो. पण या नव्या चोपडीच्या आधीच्या पन्नास-पाऊणशे चोपड्या कोठे गेल्या, हे विचारावेसे आपल्याला वाटत नाही. आज तेवढेच विचारायचे आहे.

यवतमाळहून धामणगावला निघाले की वाटेत बाभुळगाव लागते. काळ्या मातीचा, कापसाचा हा मुलूख. अशा गावातल्या जुन्या किराणा दुकानाची जन्मकथा त्या रस्त्यातच दडलेली आहे. पूर्वी वऱ्हाडात मीठ यायचे ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून, आणि तांड्याची वाट पाहणे हाच गावाचा बाजार. मुंबईकडून निघालेली आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली. धामणगावचे स्थानक त्याच मार्गावरचे. मग कापूस स्थानकाकडे जाऊ लागला आणि परतणाऱ्या गाड्यांतून मीठ, गूळ, रॉकेलचे डबे, आगपेट्या येऊ लागल्या. तांड्यांचा धंदा बसला, पुष्कळ बंजारे शेतीत स्थिरावले, आणि माल बारमाही मिळण्याची जागा म्हणून दुकानाची बैठक पक्की झाली.

अशा दुकानाच्या फळ्या सकाळी एकेक करून निघत. आत नजर टाकली की सारा भूगोल हारीने मांडलेला! हिंग अफगाणिस्तानातला, वेलदोडे मलबारकडचे, सुपारी कोकणातली, मीठ समुद्रकाठचे. ज्या आजीने आयुष्यात आगगाडी पाहिली नाही, तिच्या फोडणीत मात्र काबूल नि मलबार शेजारी शेजारी बसलेले असत.

आणि तिथले गणित? मोठी मौजेची गोष्ट आहे. चांदीचा कलदार रुपया वजनाने बरोबर एक तोळा, नि ऐंशी तोळ्यांचा शेर. म्हणजे दुकानदाराच्या शेरावर शंका आली, तर दुसऱ्या पारड्यात ऐंशी रुपये टाकून खात्री करता येई. अर्थात ऐंशी रुपये जवळ असतील त्याला! चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया. म्हणून मणाला जितके रुपये, तितकेच आणे अडीच शेरांना. गूळ बारा रुपये मण असेल, तर अडीच शेर बारा आण्यांना. अडीचशेरी वजनाचे महत्त्व यातच आहे. शाळेत पावकी, निमकी, अडीचकी घोकून घेत, ती याच ओट्यावर उपयोगी पडे. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम येऊ लागला, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले हे शहाणपण निरुपयोगी ठरले. ते बरेच झाले. नवी पद्धत सोपी आहे. पण जुनी काय होती, हे सांगायला आज ती पोलादी वजनेच काय ती उरली आहेत.

तथापि दुकानाचे खरे धन म्हणजे चोपड्या. काही मोडीत, काही मारवाडी महाजनी लिपीत. कापूस घरी येईपर्यंत शेतकऱ्याच्या हाती रोकड नसायची. तोवर मीठ-मिरची उधारीवर. कोणाच्या घरी लग्नासाठी किती गूळ गेला, कोणी बाळंतिणीसाठी सुंठ नेली, कोणत्या वर्षी कोणाचे तेल निम्म्यावर आले, हे तिथे तारीखवार उतरत गेले. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला. त्या वर्षीचा शेतसारा सरकारी कागदांत सापडेल. एखाद्या घराने गूळ घेणे कधी थांबवले, हे दुकानाची वहीच सांगेल.

या वह्यांचे नुसते गोडवे गाणे मात्र खोटेपणाचे होईल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, आणि पुढे गावोगाव त्यांनी कर्जखतांचीच होळी केली. उधारीने जगवले, तसे व्याजाने बुडवलेही. कर्जाची ही विवंचना यवतमाळच्या शेतकऱ्याला आजही चुकलेली नाही. म्हणूनच वही राखायची. ती दुकानदाराच्या सचोटीचीही साक्षीदार आहे आणि कुणब्याच्या अडचणीचीही.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, घरगुती भांडी असल्या रोजच्या वस्तू जन्मभर जमवल्या, आणि १९६२ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्त्याला मिळालेला तो मान चोपडीला का मिळू नये? १९५८च्या कायद्याप्रमाणे प्राचीन स्मारक ठरायला वास्तूचे वय किमान शंभर वर्षे हवे. किराणा दुकानाला तेवढी उसंत कोठली! मुलगा जागा नवी करतो, फळ्यांच्या जागी लोखंडी शटर येते, बंद पाकिटांच्या माळा लटकतात, पैसे मोबाइलवरून जातात. यात त्याचे काही चुकले नाही. त्याला दुकान चालवायचे आहे, जतन करायचे नाही.

चोपड्यांची जबाबदारी मात्र आपल्या सर्वांची. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून लाल बासने खाली येतात, उंदरांनी कुरतडलेली म्हणून रद्दीत जातात. बाभुळगाव असो की तुमचे-आमचे गाव, जुन्या दुकानदाराच्या घरी यंदा फराळाला गेलात, तर चिवड्याची बशी हाती घेऊन सहज विचारा, ‘शेठजी, आजोबांच्या वेळच्या चोपड्या आहेत का हो?’ असतील, तर कोरड्या जागी ठेवायला सांगा. मोडी वाचणारे कोणी ओळखीचे असेल, तर त्यांना घेऊन पुन्हा जा. त्यात तुमच्या पणजोबांचे खाते निघायचा संभव आहे. बाकी राहिली असेल, तर फेडायला तेवढेच एक निमित्त!