खिशातल्या घड्याळाच्या पोटात

आज आपण एका जुन्या वस्तूचं पोट उघडून बघू. पणजोबांचं, साखळीला अडकवून कोटाच्या खिशात ठेवायचं घड्याळ! गिरगाव-दादरच्या जुन्या घरांत ते अजून निघतं, तसंच मुंबईत नोकरी केलेल्यांच्या गावाकडच्या ट्रंकेतही. चांदी किती भरते एवढंच बघून लोक ते मोडीत घालतात. आम्ही म्हणतो, आधी घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या. सुरीनं उचकटू मात्र नका.

तबकडीवरच्या नावावर जाऊ नका. ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबई’ असं असलं तरी आतलं यंत्र स्वित्झर्लंडचं. वेग कमी-जास्त करायच्या काट्यापाशी दोन अक्षरं कोरलेली दिसतील. ‘ए’ आणि ‘आर’ ही फ्रेंच शब्दांची, ‘एफ’ आणि ‘एस’ ही इंग्रजी शब्दांची. पण एवढ्यावरून देश ठरवू नये, कारण स्विस कारखाने इंग्रजी गिऱ्हाइकासाठी इंग्रजी अक्षरंही कोरत.

किल्लीनं चावी द्यायचं जुनं इंग्रजी घड्याळ असेल, तर आत खाचा पाडलेला, भोवऱ्यासारखा शंकू सापडू शकतो. त्याला फ्यूझी म्हणतात. चावी भरलेली असताना स्प्रिंग जोरात ओढते, मग तिचा जोर ओसरतो. जात्याचा खुंटा मधल्या खिळीजवळ असला तर दळायला जोर लागतो, कडेला असला तर कमी जोरात भागतं. तसंच इथे. भरल्या जोराची ओढ शंकूच्या निमुळत्या टोकाला बसते, ओसरल्या जोराची रुंद बाजूला. घड्याळ एकसारखं चालतं.

या शंकूवर सायकलच्या चेनसारखीच, पण दोऱ्याएवढी बारीक साखळी गुंडाळलेली असते. इंग्लंडमधल्या क्राइस्टचर्च गावात दोनशे वर्षांपूर्वी बायका आणि लहान मुली या साखळ्या करत. एकेक कडी हातानं जोडायची. त्या कामानं डोळे जात. घड्याळावर नाव कोरलं जाई ते मालकाचं.

आमच्या परळ-लालबागच्या गिरण्यांतल्या बायकांकडे तर घड्याळच नव्हतं. त्यांची वेळ भोंगा सांगे. १८९१ च्या कायद्यानं बायकांचं काम दिवसाला ११ तासांवर आणलं, पण ते ११ तास मोजणारं घड्याळ मालकाचंच. १९०६ च्या जानेवारीत सरकारनं नवी प्रमाणवेळ आणली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. म्हणजे घड्याळात तेच वाजलेले, पण कामावर हजर व्हायचं उन्हाच्या हिशेबानं ३९ मिनिटं आधी. घरची चूल त्याच्याही आधी पेटवायची! हजारो गिरणी कामगार चिडले, गिरण्यांवर दगड पडले.

शहरात मुंबईची जुनी वेळ १९५५ पर्यंत पाळली जात होती. तोवर गिरगावातल्या माणसाला खिशातलं घड्याळ कुठल्या वेळेला लावायचं, हे ठरवूनच घराबाहेर पडावं लागे.