दुमजली बसचा जिना

वयाची चाळिशी उलटली की पुरुष आरोग्याविषयी बोलू लागतो; आचरण मात्र बहुधा पुढच्या महिन्यावर ढकलतो. दिनचर्येचा विचार आपल्याला नवा नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांनी व्यायामाला दिनचर्येत स्थान दिले आणि तो अर्ध्या शक्तीनेच करावा, अशी मर्यादाही सांगितली. परंतु रोजच्या श्रमांचा हृदयाशी काय संबंध आहे, हे हजारो माणसांच्या नोंदी घेऊन पडताळण्याचे एक मोठे काम विसाव्या शतकाच्या मध्यावर झाले; आणि ते एखाद्या प्रयोगशाळेत नव्हे, तर लंडनच्या दुमजली बसगाड्यांत झाले. त्या शोधाची हकीकत प्रत्येक प्रौढ पुरुषाने ऐकावी अशी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये एक चिंताजनक गोष्ट लक्षात येऊ लागली. क्षयासारखे जुने रोग मागे हटत होते, पण धडधाकट दिसणारे मध्यमवयीन पुरुष हृदयाच्या झटक्याने दगावत होते. याचे कारण शोधणाऱ्यांत जेरी मॉरिस हे वैद्य होते. १९४८ साली स्थापन झालेल्या सामाजिक वैद्यकाच्या एका संशोधन विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. माणसाच्या व्यवसायात या रोगाचा काही दुवा सापडतो काय, असा त्यांचा प्रश्न होता.

अशा प्रश्नाला लंडनची बस फार सोयीची ठरली. एकाच गाडीवर, एकाच शहरात, साधारण सारख्याच परिस्थितीतले दोन पुरुष काम करीत. चालक दिवसभर आसनावर बसून असे. वाहक मात्र तिकिटे देत सारखा वरखाली करी. कामाच्या एका दिवसात तो शेकडो पायऱ्या चढत असे. ज्यांनी मुंबईच्या जुन्या दुमजली बसने प्रवास केला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र सहज उभे राहील. मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ आणि १९५० या वर्षांतील, ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० वाहतूक कामगारांची माहिती तपासली. वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होत होता. झालाच तर तो उशिरा होत होता आणि तितका प्राणघातक ठरत नव्हता. टपालखात्यातही हाच प्रकार आढळला. पायी व सायकलवर हिंडणारे पोस्टमन बैठे काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा सुखरूप होते. १९५३ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

यावर एक रास्त आक्षेप निघू शकत होता. जी माणसे मुळातच स्थूल, ती बसून करावयाचे काम पत्करीत असतील. मग दोष आसनाचा की माणसाचा? मॉरिस यांनी हा आक्षेप टाळला नाही. त्यांनी कामगारांच्या गणवेशाची दप्तरे उघडली. त्यांत प्रत्येकाच्या विजारीचे कमरेचे माप लिहिलेले होते! १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी दाखवून दिले की, चालकांची कंबर वाहकांपेक्षा मोठी होती आणि हा फरक तरुण वयातही दिसत होता. म्हणजे आक्षेपात तथ्य होते. आपल्याच सिद्धांताला अडचणीचा ठरणारा पुरावा स्वतः शोधून जगापुढे मांडणे, हे खऱ्या संशोधकाचे लक्षण होय.

तेव्हा पुढची पायरी अशी ठरली की, ज्यांचे काम सारखेच बैठे आहे, अशी माणसे घ्यावी आणि फुरसतीत ती काय करतात ते पाहावे. त्यासाठी ब्रिटिश सरकारच्या कचेऱ्यांतील ४० ते ६४ वयाचे सुमारे १७,००० पुरुष अधिकारी निवडण्यात आले. शुक्रवार आणि शनिवार या दोन दिवसांत आपण काय काय केले, याचा पाच-पाच मिनिटांचा हिशेब त्यांच्याकडून लिहून घेतला गेला. १९७३ साली निष्कर्ष बाहेर आला. फुरसतीत दमदार व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एक तृतीयांश होता. खुर्ची तीच, फायली त्याच. फरक होता तो कचेरी सुटल्यावरच्या वेळाचा.

याहून मोलाचा धडा १९९० साली मिळाला. नऊ हजारांहून अधिक सरकारी नोकरांवर नऊ वर्षांपेक्षा जास्त काळ लक्ष ठेवल्यावर असे आढळले की, जोरकस खेळ खेळणारे, सायकल भरपूर चालविणारे किंवा नेहमी ताशी चार मैलांहून अधिक वेगाने चालणारे पुरुष यांना हृदयाचे झटके इतरांच्या निम्म्याहूनही कमी आले. परंतु पूर्वी मैदान गाजवलेल्या आणि आता खेळ सोडून दिलेल्या पुरुषांना त्या जुन्या पराक्रमाचा काहीही लाभ मिळाला नाही. कॉलेजात जिंकलेले ढाल-करंडक कपाटात शोभतात. हृदयाला त्यांचा उपयोग नाही. नोकरीत रजा साठवता येते, व्यायाम साठवता येत नाही.

या गोष्टीत खेद आहे, तसे आश्वासनही आहे. तारुण्यात ज्याने काही केले नाही, त्याच्यापुढे मैदानवीराची शिल्लक नाही. दोघांनाही आजपासूनच जमा करावयाची आहे. त्यासाठी आखाडा लागत नाही. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यातून किमान १५० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालले तरी तो पुरा होतो. ज्यांना छातीत दुखते किंवा थोड्या श्रमानेही धाप लागते, त्यांनी मात्र आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

१९१० साली जन्मलेले मॉरिस २००९ साली, शंभरीला सहा-सात महिने उरले असताना निवर्तले. एका माणसाचे दीर्घायुष्य हा शास्त्रीय पुरावा नव्हे, आणि तसे म्हणणे त्यांना स्वतःलाही रुचले नसते. लंडनच्या जिनेवाल्या जुन्या गाड्याही २००५ साली नियमित सेवेतून गेल्या. पायऱ्या चढायला लावणारे कितीतरी व्यवसाय आता उरले नाहीत. म्हणूनच, उद्वाहकाचे दार उघडे असतानाही जो जिन्याकडे वळतो, त्याने वाहकाचा तो जुना लाभ स्वेच्छेने पत्करला असे म्हणावे लागेल.