पिसू कोणाची? मुंबईतील प्लेग आणि एका घरगुती तक्रारीचा इतिहास

घरात मांजर किंवा कुत्रे असले आणि सकाळी उठल्यावर घोट्यांभोवती खाजणाऱ्या लाल गांधी दिसू लागल्या, म्हणजे घरातील मंडळी प्रथम त्या जनावराकडे बोट दाखवितात. त्याच्या अंगावर काही सापडले नाही, की ढेकणांवर संशय जातो, मग डासांवर, आणि शेवटी पथ्यापाण्यावर. दंशाची खूण पाहून दंश करणारा कीटक ओळखणे वैद्यासही बहुधा साधत नाही. विषय इतका क्षुल्लक की इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे, असे वरवर पाहता त्यात काही नाही. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत ‘ह्या घरात चावणारी पिसू मूळची कोणत्या जनावराची?’ हा प्रश्न हजारो माणसांच्या जीविताशी निगडित होता, आणि तो नीट विचारला जाण्यासच साथ सुरू झाल्यापासून सात-आठ वर्षे गेली. तो विलंब का झाला, ह्याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

१८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश ह्यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या शासकीय उपायांचा इतिहास सुपरिचित आहे. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, घरांची झडती, रुग्णांची सक्तीने केलेली पाठवणी, छावण्या आणि त्यांतून उद्भवलेला लोकक्षोभ ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात झालेल्या रँडवरील हल्ल्यामुळे तर ह्या प्रकरणास राजकीय इतिहासात कायमचे स्थान मिळाले. येथे त्यांतील एकच बाब लक्षात घ्यावयाची. हे सर्व उपाय, रोगाचे विष घराच्या जमिनीत, भिंतीत, कपड्यालत्त्यात आणि माणसाच्या अंगात असते, ह्या गृहीतावर उभे होते. म्हणून भिंतींना चुना फासला गेला, जमिनींवर रसकापराचे व कार्बोलिक आम्लाचे पाणी ओतले गेले, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरविली गेली. रोगजंतू तर १८९४ सालीच हाँगकाँग येथे यर्सिनने शोधला होता. तो घरातून माणसाच्या शरीरात कसा शिरतो, हे मात्र कोणासही सांगता येत नव्हते.

सामान्य लोकांना ह्याबाबत एक गोष्ट अनुभवाने ठाऊक झाली होती. उंदीर पडू लागले की घर सोडावयाचे. ‘उंदीर पडले’ हा शब्दप्रयोग मराठी घरांतून प्लेगच्या आगमनाचा पर्याय म्हणूनच रूढ झाला, आणि गावे ओस पडून माळावर झोपड्या उठू लागल्या. गढवाल-कुमाऊँकडील ‘महामारी’च्या प्रदेशातही उंदीर मरू लागताच गाव सोडण्याची रीत होती, अशा नोंदी एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनी करून ठेवल्या आहेत. ह्या रीतीतून उंदराचा संबंध कळत होता. दुवा कळत नव्हता.

तो दुवा प्रथम सुचविला पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने. पाश्चर संस्थेने यर्सिनच्या जागी त्याला १८९७ साली भारतात पाठविले होते. काही रुग्णांच्या अंगावर आजाराच्या अगदी आरंभी एखादी बारीक पुटकुळी उठते, तिच्यातील द्रवात प्लेगचे जंतू असतात, आणि ती बहुधा जेथे कातडी नाजूक तेथे असते, हे त्याने हेरले. ही पुटकुळी म्हणजे कीटकदंशाची जागा असावी, असा त्याचा तर्क होता. इतर डॉक्टर काखेतील किंवा जांघेतील गाठ तपासत असताना ह्या माणसाने एका क्षुल्लक फोडाकडे पाहिले. शोधाच्या इतिहासात ही गोष्ट मला प्रयोगाहूनही मोलाची वाटते.

प्रयोग झाला तो २ जून १८९८ रोजी, कराचीतील एका हॉटेलात थाटलेल्या तात्पुरत्या प्रयोगशाळेत. रुग्णाच्या घरी पकडलेला प्लेगग्रस्त उंदीर तळाशी वाळू असलेल्या काचेच्या मोठ्या बरणीत ठेवण्यात आला. त्याच्या अंगावर पिसवा होत्याच. पण त्या पुरेशा असाव्यात म्हणून सिमाँने हॉटेलात हिंडणाऱ्या एका मांजराच्या अंगावरील काही पिसवा बरणीत सोडल्या. तो उंदीर मरणाच्या पंथाला लागल्यावर दुसरा निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यातून त्याच बरणीत टांगण्यात आला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. निरोगी उंदीर सहाव्या दिवशी प्लेगने मेला. सिमाँचा निबंध त्याच वर्षी पाश्चर संस्थेच्या वार्षिकात प्रसिद्ध झाला.

ह्या कथेतील मांजराचा उल्लेख बहुधा गमतीदाखल केला जातो. वस्तुतः प्रयोगातील अडचण तेथेच आहे. उंदराची पिसू आणि मांजराची पिसू ह्या भिन्न जाती होत. त्या एकाच बरणीत मिसळल्यावर रोग कोणी वाहून नेला हे सांगता येत नाही. सिमाँच्या दृष्टीने त्या दिवशी पिसू ही पिसूच होती. मुंबईतील पिसवांत प्रमुख ठरलेल्या उंदराच्या पिसवेला ‘किऑप्सिस’ हे जातिनाम मिळाले तेच मुळी १९०३ साली, रॉथ्सचाइल्डकडून, आणि तेही सुदानातील नमुन्यांवरून. तोपर्यंत जातींचा विचार जेथे झाला तेथेही त्याने घोटाळाच केला. गाली-व्हालेरिओ ह्या संशोधकाने युरोपातील अनुभवावरून १९०० साली असे प्रतिपादन केले की उंदराच्या पिसवा माणसास चावत नाहीत. हा आक्षेप वजनदार ठरला. फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय प्लेग कमिशननेही सिमाँची उपपत्ती अग्राह्य ठरविली.

येथून ही हकीकत मुंबईच्या एका चाळीत येते. परळच्या प्रयोगशाळेतील विल्यम ग्लेन लिस्टन ह्याने १९०५ साली बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती नमूद केली. एप्रिलच्या आरंभी ह्या चाळीत उंदीर मोठ्या संख्येने मरू लागले. मग मरण्याचे प्रमाण एकाएकी थांबले, आणि ११ एप्रिलच्या सुमारास रहिवाशांना पिसवांचा उपद्रव सुरू झाला. तो इतका वाढला की लोक खोल्या सोडून व्हरांड्यात निजू लागले. १७ एप्रिल रोजी त्यांच्यातील पहिला माणूस प्लेगने आजारी पडला. लिस्टनने त्या लोकांच्या अंगावरील पिसवा गोळा करविल्या. ३० पिसवांपैकी १४ उंदराच्या निघाल्या. साथ नसलेल्या ठिकाणी माणसांच्या अंगावर पकडलेल्या २४६ पिसवांत उंदराची पिसू अवघी एक होती.

ही संख्या लहान आहे. पण तिने गाली-व्हालेरिओचा आक्षेप निकालात काढला. उंदीर जिवंत असेपर्यंत त्याची पिसू माणसाकडे फिरकत नाही. तो मरून थंड पडला आणि दुसरा उंदीर जवळ उरला नाही, म्हणजे भुकेली पिसू मिळेल त्या ऊबदार अंगावर चढते. उंदीर पडल्यावर साधारणतः दहा ते चौदा दिवसांनी माणसे का पडतात, ह्याचाही उलगडा त्यातून झाला. लिस्टनने ह्याच काळात मुंबईच्या प्राणिबागेतील गिनीपिग प्लेगने मेल्याचे व त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा असल्याचेही पाहिले होते. त्यावरून त्याला युक्ती सुचली ती अशी, की गिनीपिग मुद्दाम घरात सोडावयाचा आणि रात्रभरात त्याच्या अंगावर जमलेल्या पिसवा सकाळी वेचावयाच्या. जे जनावर एरवी संशयाचा विषय झाले असते, तेच येथे पुरावा गोळा करण्याचे साधन झाले.

१९०५ साली सुरू झालेल्या प्लेग संशोधन मंडळाने ही युक्ती पद्धतशीरपणे राबविली. प्लेग झालेल्या घरांत जनावरे पिंजऱ्यांत ठेवून काही पिंजऱ्यांना बारीक जाळी लावण्यात आली. इतरांभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरण्यात आला, म्हणजे उड्या मारीत येणारी पिसू त्यावर अडकावी. ह्या कागदांवर एकूण २४७ पिसवा सापडल्या. त्यांत माणसाच्या १४७, उंदराच्या ८४ आणि मांजराच्या १६ होत्या. आज घरातील पिसवा पाहणाऱ्यास हे प्रमाण चमत्कारिक वाटेल, कारण आता पाळीव जनावरांच्या घरांत, कुत्र्याच्या अंगावरदेखील, बहुधा मांजराचीच पिसू आढळते आणि माणसाची म्हणून ओळखली जाणारी पिसू पुष्कळ ठिकाणी दुर्मिळ झाली आहे. केवळ संख्येवर न्याय करावयाचा तर त्या घरांत दोषी ठरली असती माणसाची पिसू. परंतु मंडळाने पिसवांचे विच्छेदन केले. माणसाच्या ८५ पिसवांपैकी एकीतच प्लेगसदृश जंतू आढळले. उंदराच्या ७७ पैकी २३ जणींत आढळले. मांजराच्या ४ तपासल्या, त्यांत एकीतही नाहीत. चार ही संख्या मांजराच्या पिसवेस निर्दोष ठरविण्यास मुळीच पुरेशी नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. ती अकार्यक्षम वाहक आहे, हा निष्कर्ष पुढील संशोधनाचा. त्याचे शारीरिक कारण १९१४ साली बॅकट व मार्टिन ह्यांच्या प्रयोगांतून कळले. उंदराच्या पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो. रक्त आत जात नाही, भुकेली पिसू पुनःपुन्हा चावते, आणि अडलेले रक्त जंतूंसह जखमेत परत येते. मांजराच्या पिसवेत असा अडथळा क्वचितच निर्माण होतो.

मग घरातील मांजराचे काय? अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्यूकॅनन ह्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर उलट दिशेने दिले. वऱ्हाडातील गावांत मांजरे मोजून, जेथे ती पुष्कळ तेथे प्लेग नाही किंवा थोडा, असे त्यांनी मांडले. १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख ‘प्लेगप्रतिबंधक मांजरे’ अशा अर्थाच्या शीर्षकाने आला. मांजरे असलेल्या गावांत धान्य साठविण्याची किंवा घरे बांधण्याची पद्धतच निराळी असेल, ही शंका अशा गणनेने फिटत नाही. शिवाय उंदीर मारणारे मांजर मेलेल्या उंदराच्या पिसवा घरात आणू शकते, आणि त्याला स्वतःलाही प्लेग होऊ शकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात रोगी मांजराकडून मालकास लागण झाल्याची उदाहरणे नंतरच्या काळात नोंदली गेली आहेत. तरीही ब्यूकॅनन ह्यांचे काम मला उपेक्षणीय वाटत नाही. सरकारी यंत्रणेने ज्या घरांतून वर्षानुवर्षे रुग्ण शोधले, त्या घरांत कोणती जनावरे नांदतात हे मोजण्याची गरज त्यांना भासली.

आता मूळ प्रश्नाकडे. रसकापराच्या पाण्याने पिसवा मरत नाहीत, धुतलेल्या घरातही गिनीपिगला प्लेग होतो, हे मंडळास दिसून आले. म्हणजे साथीच्या पहिल्या वर्षांतील अतोनात खर्च व जुलूम बव्हंशी चुकीच्या शत्रूवर झाला. ह्याचा दोष केवळ अज्ञानाकडे देता येत नाही. त्या काळच्या घरांत पिसू व ढेकूण नित्याचेच असल्यामुळे, चावा ही बातमी नव्हती. झडतीची तक्रार वर्तमानपत्रात गेली, अर्जात गेली, म्हणून ती दप्तरात आहे. खाजेची तक्रार कोणी कोणाकडे करावयाची? डॉक्टराला ती गबाळेपणाची खूण वाटली असती आणि सांगणाऱ्यास लाजेची. चाळीतील लोक व्हरांड्यात निजू लागले ह्याचा अर्थ लिस्टनला लागला, कारण नेहमीच्या पिसवांना सरावलेली माणसे नेहमीच्या पिसवांसाठी खोल्या सोडीत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले.

प्लेगकाळातील खाजगी पत्रे, रोजनिश्या व जमाखर्चाच्या वह्या वाचणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून दोन तारखांच्या मधल्या दिवसांकडे लक्ष द्यावे. उंदीर पडल्याचा दिवस आणि घरातील माणूस आजारी पडल्याचा दिवस सहज नोंदला जातो. त्या दरम्यान अंथरुणे बाहेर काढली, निजण्याची जागा बदलली, मांजर हाकलले, जमीन पुन्हा सारविली, असा एखादा निरर्थक वाटणारा उल्लेख असेल, तर तो चाळीतील ११ ते १७ एप्रिलच्या जातीचा आहे.