आधी पाणी, मग वैरण, शेवटी चंदी

महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांप्रमाणे मीही घोडा पहिल्यांदा पाहिला तो पुतळ्यात, चौकातल्या महाराजांच्या. त्यामुळे घोडा म्हणजे वर बसून तलवार उगारायची जागा, एवढीच समजूत होती. पायदळात वीसेक वर्षं काढूनही ती तशीच राहिली. बदलली ती जयपूरच्या पोस्टिंगमध्ये, आणि त्यासाठी एका घोडीचा जीव जवळजवळ गेला. चूक माझी होती, म्हणून ही गोष्ट सांगतो.

जयपूर हे घोडदळाचं गाव. ६१ कॅव्हलरी इथेच असते. १९५३ साली ग्वाल्हेर, जोधपूर, म्हैसूर अशा संस्थानांच्या रिसाल्यांतून ही रेजिमेंट उभी राहिली. आजही घोड्यावर असलेल्या जगातल्या मोजक्या रेजिमेंटांपैकी ती एक. माझा तिच्याशी काही संबंध नव्हता, माझं काम फायलींचं. पण पहाटे टापांचा आवाज कानावर आला की पाय थांबायचे. शेवटी ओळखीच्या एका सुभेदारसाहेबांनी शहराबाहेर राहणाऱ्या एका निवृत्त दफेदारांचा पत्ता दिला. सत्तरी गाठलेले, ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांचे. दारात पाच मारवाडी घोडे. मी त्यांना उस्ताद म्हणू लागलो, ते मला साहब.

रोज सकाळी साडेपाचला मी तिथे हजर. पहिला महिनाभर उस्तादांनी मला खोगिराला हातसुद्धा लावू दिला नाही. लीद काढायची, खरारा करायचा, खूर साफ करायचे, पाणी भरायचं. तिसऱ्या आठवड्यात मी न राहवून विचारलं, "उस्ताद, बसायचं कधी?"

"साहब, तुम्ही तिला ओळखता. तिने अजून तुम्हाला कुठे ओळखलंय?"

ती म्हणजे आठ वर्षांची एक काळपट तांबडी घोडी. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात, टोकं एकमेकांना टेकतात. उस्ताद म्हणत, घोड्याचं मन कानात वाचायचं. कान तुमच्याकडे वळले तर ती ऐकतेय. मागे चपटे झाले तर दोन पावलं लांब राहा. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून डाव्या खांद्याकडून, बोलत बोलत जायचं. गुपचूप मागून येतो तो वाघ, असं तिच्या रक्तात लिहिलेलं आहे.

उस्तादांची पद्धत साधी होती. घोड्याला घोड्यासारखं राहू द्या. त्यांचे पाचही घोडे दिवसाचा बराच वेळ एकत्र मोकळे असत, कारण कळपातल्या जनावराला एकटं बांधलं की ते झुरतं. खडकाळ वाटेवर किंवा डांबरी रस्त्यावर काम असेल तेव्हाच नाल ठोकायची, एरवी वाळूत अनवाणी. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तो दर सहा-आठ आठवड्यांनी कापून घासून सारखा करायचा. खुराच्या तळाशी रबरासारखा त्रिकोणी मऊ भाग असतो. पाऊल टेकलं की तो दबतो आणि पायातलं रक्त वर चढायला मदत होते. म्हणून उस्ताद सांगत, चालता घोडा चांगला, उभा घोडा आजारी.

आणि सगळ्यात कडक नियम खाण्याचा. आधी पाणी, मग वैरण, शेवटी चंदी. घोड्याच्या एवढ्या मोठ्या देहात जठर मात्र लहान असतं. निसर्गाने त्याला दिवसाचे चौदा-सोळा तास थोडं थोडं चरण्यासाठी बनवलंय. आणि त्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं जड धान्य परत फिरत नाही.

दुसऱ्या महिन्यात स्वारी सुरू झाली. पहिले काही दिवस रिकिबीशिवाय, मांड बसावी म्हणून. दुडक्या चालीत माझी हाडं खिळखिळी झाली, दोनदा वाळूत पडलो. पण हळूहळू जमलं. एका रविवारी उस्ताद लग्नाला गेलेले असताना मी तिला घेऊन लांब रपेटीला गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा ती भरधाव सुटली आणि मी घट्ट बसून राहिलो. त्या आनंदात परत आल्यावर मी तिला बक्षीस दिलं. हरभरा आणि जव यांचा तोबरा, रोजच्या दुप्पट. पाणी नाही, वैरण नाही, थेट चंदी. नियम पाठ होता, पण प्रेमाचं भरतं आलं होतं.

रात्री नऊला उस्तादांच्या नातवाचा फोन आला. मी पोचलो तेव्हा ती घामाने निथळत होती. पुढच्या पायाने जमीन उकरायची, मान वळवून आपल्याच कुशीकडे बघायची, खाली बसायची, पुन्हा उठायची. पोटशूळ. घोडे लढाईत मरतात त्याहून जास्त यानेच मरत असतील, असं उस्ताद नंतर म्हणाले. त्यांनी तिच्या कुशीला कान लावला आणि मला म्हणाले, "ऐका." मी कान लावला. एरवी तिथे सतत गुडगुड चालू असते. त्या रात्री काहीच ऐकू येत नव्हतं.

अकराच्या सुमाराला जनावरांचे डॉक्टर आले. उस्ताद त्यांना जुन्या सवयीने सलोतरी म्हणत. शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आलेला शब्द. त्यांनी नाकातून नळी घालून पोटातला ताण कमी केला, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, खायला काही नाही, लोळू देऊ नका, हळूहळू चालवत राहा. रात्रभर आम्ही दोघं आळीपाळीने तिला फिरवत होतो. उस्ताद मला एक शब्दही रागाने बोलले नाहीत. ते आजोबांबद्दल बोलत राहिले.

त्यांचे आजोबा जोधपूर लान्सर्समध्ये होते, २३ सप्टेंबर १९१८ला हैफाला. मित्रहो, तो हल्ला आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. एका बाजूला कार्मेल डोंगर, दुसऱ्या बाजूला किशोन नदी, मधे चिंचोळी वाट, समोर तोफा आणि मशीनगन. जोधपूरच्या स्वारांनी भाले सरसावून ते शहर घेतलं. मेजर दलपतसिंह शेखावत पडले. म्हैसूर लान्सर्स डोंगरावरच्या तोफांवर चढले. तेराशेच्या वर कैदी हाती आले. पण आजोबांनी घरी हल्ल्याचं कधी वर्णन केलं नाही म्हणे. ते सांगायचे विहिरी कुठे होत्या ते. कुठल्या मुक्कामावर पाणी गोड होतं, कुठे खारं, कुठे आधी घोड्यांना पाजून मग माणसांना मिळालं. मला तेव्हा आठवलं, त्याआधीच्या वर्षी बीरशेबावर ऑस्ट्रेलियन घोडेस्वारांचा जो प्रसिद्ध हल्ला झाला, त्यामागेही मोठी घाई होती ती तिथल्या विहिरींची.

"हैफाला किती माणसं गेली, साहब?" उस्तादांनी विचारलं.

"आठ."

"आणि घोडे?"

मला माहीत नव्हतं. नंतर शोधलं. साठ मेले, त्र्याऐंशी जखमी झाले.

पहाटे पाचच्या आधी घोडी थांबली, शेपूट उचलली आणि तिने लीद टाकली. उस्तादांनी कुशीला कान लावला आणि डोळे मिटून घेतले. मग मला म्हणाले, "आता बादली आणा. अर्धी." मी बादली आणली तेव्हा माझे हात थरथरत होते.

त्यानंतर मी इतिहास वेगळ्या नजरेने वाचू लागलो. राज्याभिषेकाच्या सुमाराला महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र शाळेत आपण रयतेच्या भाजीच्या देठासाठी वाचलं. आता मला त्यात पागेचा हिशोब दिसतो. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच बेफाम उधळलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, असं महाराज बजावतात. दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यांची नजर पोचते. पुतळ्यात आपण त्यांना घोड्यावर पाहतो. पत्रात ते गवताच्या गंजीपाशी उभे आहेत.

पानिपतही तसंच. १४ जानेवारी १७६१ हा एक दिवस आपण मोजतो. पण त्याआधी दोन महिन्यांहून जास्त काळ अब्दालीने रसद तोडली होती, आणि छावणीत घोडे वैरणीवाचून मरत होते. त्या सकाळी भाऊसाहेबांची फौज उपाशी माणसांनिशी आणि अशक्त जनावरांनिशी बाहेर पडली. अर्धी लढाई तोबऱ्यातच हरली होती.

पुढे दिल्लीला बदली झाली तेव्हा मुद्दाम तीन मूर्ती चौकात गेलो. हैदराबाद, जोधपूर, म्हैसूर, या तिन्ही लान्सर्सच्या स्मरणार्थ तिथे तीन स्वार उभे आहेत, हातात भाले घेऊन. तिघेही जमिनीवर. घोडा एकही नाही. मी त्याचा फोटो उस्तादांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "पाणी पाजायला नेले असतील, साहब."

घोडी अजून आहे. आता ती म्हातारी झाली आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. मी जयपूरला गेलो की खरारा करतो, खूर बघतो आणि मगच चहा घेतो. चंदी मात्र अजूनही उस्ताद स्वतःच्या हाताने घालतात.

जय हिंद.